उत्तरेकडची भिंत

नव्या खोलीत शिरलं की साहेब आधी भिंतीला भेटत, माणसांना नंतर. उजव्या हाताच्या बोटांची पेरं भिंतीवर तीनदा वाजवायची, कान थोडा तिरपा करायचा आणि मग "हं" म्हणून खुर्ची ओढून घ्यायची. बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे, इकाम्याच्या, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी गेलो त्या कचेरीत, जिथं जिथं मी त्यांच्याबरोबर गेलो तिथं तिथं हे झालं. सरकारी कचेरीत एक परदेशी म्हातारा भिंती ठोकून बघतोय, याचं कारण कुणी विचारलं तर काय सांगायचं, याची वाक्यं मी मनातल्या मनात इंग्रजीत जुळवत उभा राहायचो. पाच वर्षांत कुणी विचारलं नाही. पण वाक्यं मी दर वेळी नव्यानं जुळवली.

ही २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. दम्मामजवळ समुद्रकिनाऱ्यावर खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. साहेब तिथं काँक्रीटची प्रत तपासणारे सल्लागार होते. जातीचे फ्रेंच, वय साठीच्या पुढं, एकटे. त्यांचं आडनाव आमच्यापैकी कुणालाही नीट उच्चारता आलं नाही, म्हणून साहेब. मी त्यांच्या हाताखाली कॅडवर ड्रॉइंग्ज करायचो. पदवी सिव्हिल इंजिनिअरची, आमच्या घरातली पहिलीच. काम मात्र ड्राफ्ट्समनचं. त्याची तक्रार नव्हती. पाटणसारख्या गावातून निघून दम्मामला वातानुकूलित केबिनमध्ये बसायला मिळतंय, हेच मला कुणीतरी चुकून दिल्यासारखं वाटे, आणि ती चूक एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येईल अशी धास्ती कायम असे.

साहेबांच्या खिशात भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळी ओळंबा असायचा. लोक माळ ओढतात तसा ते मीटिंगमध्ये त्याच्या दोरीशी चाळा करत. मेसमध्ये जेवायला बसले की दाराच्या चौकटीला तो लोंबकळत सोडत आणि आमटी निवेपर्यंत त्याच्याकडे बघत. कॉफी प्यायचे प्रयोगशाळेतल्या काचेच्या मोजपात्रातून. "किती प्यालो ते कळतं," म्हणायचे. चहा देणाऱ्यापासून प्रकल्पाच्या प्रमुखापर्यंत सगळ्यांना ते 'मिस्टर' म्हणत. आणि कुणीही काहीही सांगितलं, अगदी आज उकाडा जास्त आहे म्हटलं तरी, त्यांचा एकच प्रश्न ठरलेला:

"मिस्टर, मोजलंत की वाटलं?"

आमचे हमीदभाई रत्नागिरीकडचे. मोठी ड्रॉइंग्ज छापायचा प्लॉटर आणि कागदपत्रं सांभाळायचे, पंधरा वर्षं सौदीत काढलेला माणूस. ते या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे. "वाटलं साहेब, वाटलं. मोजायचा पगार तुम्हाला आहे."

यावर साहेब मनापासून हसत. हमीदभाईंना जे जमायचं ते मला जमत नव्हतं. मला तो प्रश्न दर वेळी परीक्षेसारखा लागायचा.

*

एका दुपारी साहेबांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर ट्रेसिंग पेपरची एक जाड गुंडाळी होती. त्यांनी एक कागद पसरला, त्यावर दुसरा ठेवला, मग तिसरा. एकाखालून दुसऱ्याच्या रेषा दिसत होत्या.

"हे माझ्या गावचं चर्च," ते म्हणाले. "सर्वात खालचा कागद सर्वात जुना."

मी आधी दाराकडे पाहिलं.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही. दुसऱ्या धर्माचं काही उघड्यावर बाळगायचं नाही, हे इथं येण्याआधीच एजंटनं बजावलं होतं. आईनं दिलेला देवीचा फोटो मी बॅगेच्या तळाशी बनियनमध्ये गुंडाळून ठेवला होता. आणि इथं साहेब मला ऑफिसच्या संगणकावर अख्खं चर्च काढायला सांगत होते.

त्यांना माझ्या चेहऱ्यावरचं काही दिसलं नसावं. ते बोलतच राहिले. सगळ्यात आधी पूर्वेकडची अर्धगोल भिंत उभी राहिली आणि तिच्यापुढं एक आखूड दालन, एवढंच होतं ते चर्च. भिंती हात-दीड हात नव्हे, चांगल्या दोन हात जाड, खिडक्या चिंचोळ्या. पुढं गाव वाढलं तसं दालन पश्चिमेला लांबवलं. कुठून लांबवलं ते आजही दिसतं, कारण तिथं दगडाचे थर एकमेकांना जुळत नाहीत. जुन्या लोकांनी नदीकाठचा पिवळा दगड वापरला, नव्यांनी टेकडीवरचा करडा. मग घंटेचा मनोरा आला. त्याच्या अंगावर एक तिरपी खूण आहे. तिथं एके काळी छप्पर टेकत होतं, नंतर कुणीतरी ते उंच केलं. मग कुणीतरी प्रकाश हवा म्हणून दक्षिणेच्या खिडक्या फोडून मोठ्या केल्या. कुणीतरी एक दार दगडांनी बुजवलं.

"कुणीतरी," साहेब म्हणाले. "एकाचंही नाव नाही. फक्त काम आहे."

आणि मग उत्तरेकडची भिंत. सगळा प्रश्न तिचाच होता. ती भिंत बाहेरच्या बाजूला झुकली होती. गावची पंचायत ती पाडून तिथं काँक्रीटचे ब्लॉक लावून वर गिलावा करणार होती. सरपंच म्हणजे साहेबांच्याच वर्गातला मुलगा. जिल्ह्याच्या आर्किटेक्टनं लिहून दिलं होतं की ही भिंत म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीची डागडुजी, तिला काही मोल नाही. साहेबांचं म्हणणं, ती भिंत अर्धगोलाइतकीच जुनी आहे. हे सिद्ध झालं तर कायद्यानं तिला हात लावता येणार नव्हता. पंचायतीची बैठक पुढच्या वसंतात. तोवर चर्चच्या बांधकामाचा सगळा इतिहास, ड्रॉइंग्जसकट, तिथं पोचायला हवा होता. साहेबांची रजा मात्र पुढच्या उन्हाळ्याआधी होत नव्हती.

"तुम्ही रोज प्रार्थनेला जायचा तिथं?" मी विचारलं.

"मी? छे. मी तिथं फक्त मोजायला जातो." मग थोडं थांबून म्हणाले, "आई आत झाडलोट करायची. मी बाहेर त्या भिंतीला पाठ लावून बसायचो. उत्तरेची भिंत. तिच्यावर ऊन कधीच येत नाही."

बाहेर तेव्हा सत्तेचाळीस अंश होतं. आमच्या ऑफिसच्याही उत्तरेलाच त्यांची केबिन होती. ती त्यांनी मागून घेतली होती हे मला तेव्हा कळलं.

*

मी हो म्हटलं. नाही म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून. पण दुसरंही एक कारण होतं. नोकरीतल्या इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी एखादी इमारत समजावून सांगितली होती, तोपर्यंत सगळ्यांनी नुसत्या काढायला दिल्या होत्या.

कॅडमध्ये मी प्रत्येक काळाला वेगळा रंग दिला. सर्वात जुनं ते तांबडं, लांबवलेलं दालन हिरवं, मनोरा निळा. उत्तरेच्या भिंतीला पांढरा, कारण तिचा रंग अजून ठरायचा होता. फाइलला नाव दिलं 'जुनं गोदाम'. छपराच्या टोकावरचा क्रूस मी रेखाटलाच नाही.

पहिलं ड्रॉइंग प्लॉटरमधून आलं ते साहेबांनी टेबलावर पसरलं. मग छपराच्या टोकाशी पट्टी ठेवून म्हणाले, "मिस्टर, इथं बेचाळीस सेंटिमीटर चोरीला गेले आहेत."

"साहेब, ते... इथं..."

"मला माहीत आहे ते काय आहे. मी त्याची उंची विचारतोय."

हमीदभाईंना सगळं माहीत होतं. प्लॉटर त्यांच्या ताब्यात, त्यामुळं लपवणार कुठं? ते मला मेसमध्ये म्हणाले, "अरे इंजिनेर, गोदामाला घंटा कशाला लागते रे? चोर आला की वाजवायला?"

"हळू बोला ना हमीदभाई."

"मी हळूच बोलतोय. तूच घामानं बोलतोयस."

माझी सर्वात मोठी भीती मुदीरची, म्हणजे आमच्या ऑफिसच्या सौदी मॅनेजरची होती. आणि व्हायचं ते झालंच. एके दिवशी प्लॉटरमधून अर्धगोल भिंतीचं ड्रॉइंग बाहेर येत असतानाच ते तिथं येऊन उभे राहिले. कागद इंच इंच पुढं सरकत होता. दगडन् दगड काढलेला. मी मागं उभा. माझा पासपोर्ट यांच्याच कपाटात आहे, धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी माझ्याच पगारातून जाते, परत गेलो तर वडील काहीच बोलणार नाहीत आणि तेच सर्वात वाईट असेल, हे सगळं कागद संपेपर्यंत माझ्या डोक्यातून जाऊन आलं.

"हे गोदाम?" मुदीर म्हणाले.

"जुनं गोदाम, सर."

त्यांनी वाकून दगडांवरून बोट फिरवलं. "ताइफच्या वरच्या डोंगरात माझ्या आजोबांचा दगडी बुरूज आहे. असेच थर. चुना नाही, काही नाही." मग साहेबांच्या केबिनकडे बघून हसले. "म्हाताऱ्याला सांगा, सुट्टीत मी त्याला घेऊन जाईन. यल्ला, चला, काम करा."

एवढंच झालं. त्यांना काय कळलं, काय नाही, मला आजही माहीत नाही. कुणाचीही भीती सुटावी असा तो प्रसंग होता. माझी सुटली नाही. उलट एकदा निभावलं, दुसऱ्यांदा निभावणार नाही, असं वाटू लागलं.

*

साहेबांकडं स्लाइड्सचे, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्मवरच्या फोटोंचे, दोन डबे होते. एकात अर्धगोल भिंतीचे फोटो, दुसऱ्यात उत्तरेच्या भिंतीचे. तिच्यावरचं शेवाळ ब्रशनं काढून, बाजूनं फ्लॅश मारून त्यांनी ते काढले होते. ते सगळे स्कॅन करायचे होते. पहिला डबा आम्ही दोघांनी बसून केला. दुसरा मी एकट्यानं केला, दुपारच्या नमाजाच्या वेळी, ऑफिस रिकामं असताना, दार लोटून. घाईघाईनं एकामागून एक स्लाइड लावत गेलो. ज्या स्लाइडमध्ये क्रूस होता, थडगं होतं किंवा भिंतीवरची लॅटिन अक्षरं होती ती प्रत्येक स्लाइड मी बाजूला काढली. उरले ते नुसते दगड. नुसत्या दगडांना कोण काय म्हणणार?

ते दगड स्क्रीनवर मोठे करून बघताना मला ते दिसलं.

इथं आबांबद्दल सांगावं लागेल. आबा, म्हणजे माझे वडील, पाथरवट. जन्मभर त्यांनी दगड घडवला. मी ही गोष्ट कॉलेजात कुणाला सांगितली नव्हती, दम्मामला तर नाहीच. "वडील कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत," एवढंच म्हणायचो. आबा डावखुरे. उजव्या हाताचा पाथरवट दगडाचं तोंड घडवतो तेव्हा टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, घाव वर उजवीकडून खाली डावीकडे तिरपे उतरतात. आबांचे उलटे पडत. आमच्या गावच्या घाटावर कुठला दगड आबांचा, ते मी लहानपणी लांबून सांगायचो.

अर्धगोल भिंतीवरचे काही दगड असे उलट्या घावांचे होते. आणि उत्तरेच्या भिंतीवर ज्या मोजक्या दगडांचे घाव शाबूत होते, तेही सगळे.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जवळजवळ पळतच गेलो. "साहेब, दोन्हीकडे एकच माणूस आहे. डावखुरा. माझे वडील पाथरवट आहेत, त्यांचे घाव असेच पडतात."

बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो.

साहेबांनी मोजपात्र खाली ठेवलं. "मिस्टर, मोजलंत की वाटलं?"

"बघितलं साहेब. आयुष्यभर बघितलंय."

"आणि दगड उलटा बसवला असेल तर?"

मी कागदावर तिरपी रेघ मारली आणि कागद उलटा धरला. रेघ तशीच तिरपी राहिली. साहेबांनी तो कागद माझ्या हातातून घेऊन चार वेळा फिरवला. मग ओळंबा टेबलावर ठेवून ते उठले आणि सरळ प्रयोगशाळेत गेले.

त्या दिवशीचं दृश्य अजून डोळ्यांपुढं आहे. चाचणी होऊन गेलेले काँक्रीटचे ठोकळे ओळीनं मांडलेले. साहेब प्रत्येकाच्या हातात छिन्नी-हातोडा देऊन म्हणतायत, "मारा मिस्टर, दहा घाव." सुतार, फिटर, ड्रायव्हर, सगळे. पेशावरकडचा एक फोरमन डावखुरा निघाला, तर साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. हमीदभाईंनी पाच घाव घातले, सहावा बोटावर.

"काय रे हे," ते बोट तोंडात घालून म्हणाले. "चर्च फ्रान्सात आणि रक्त रत्नागिरीचं?"

बारापैकी बाराही ठोकळ्यांवर नुसत्या घावांवरून हात बरोबर ओळखता आला. साहेबांनी त्याच रात्री अहवालातल्या उत्तरेच्या भिंतीवरच्या प्रकरणाचं नाव बदललं. 'डावखुरा पाथरवट'. शुक्रवारी मी आबांना कार्डावरून फोन केला.

"आबा, फ्रान्समध्ये तुमच्यासारखा एक डावखुरा सापडलाय. सात-आठशे वर्षांपूर्वीचा."

"आरं मग त्येलाबी बाप हाणत आसंल उजव्या हातानं कर म्हणून," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एरवीपेक्षा मोठा होता. नंतर आईनं सांगितलं, त्यांनी ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना सांगितली.

*

अहवाल कुरिअरनं जायचा होता त्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी शेवटची आकृती करत होतो. साहेबांनी जुन्या सुट्ट्यांत टेप लावून उत्तरेच्या भिंतीचा दगडन् दगड मोजला होता, त्याचं ड्रॉइंग कॅडमध्ये होतंच. त्याखाली फोटो ठेवायचा आणि डावखुऱ्याचे दगड रंगवायचे, इतकंच काम उरलं होतं.

फोटो बसेना. मोठा केला, लहान केला, फिरवला. लांब दगडाखाली आखूड येत होता. ड्रॉइंगमध्ये लोखंडी कडी डाव्या टोकाला, फोटोत उजव्या. साहेबांचं मोजमाप चुकलं असेल, असं मला वाटलं. हो, वाटलंच. मग मी फोटो आरशातल्यासारखा उलटा केला, आणि दगड एका क्षणात दगडावर बसले. एकही रेघ इकडची तिकडं नाही.

स्लाइड मी उलट्या बाजूनं लावल्या होत्या. अख्खा डबा. एकाही फोटोत अक्षर नाही, थडगं नाही, क्रूस नाही, म्हणजे उलटं आहे हे सांगणारं काही नाही. कारण ते सगळं मीच वेचून काढलं होतं. उत्तरेच्या भिंतीवर डावखुरा कुणी नव्हता. उजव्या हातानं काम करणारी चारचौघांसारखी माणसं होती. ती कुठल्या काळातली ते त्यांच्या घावांवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

मी ती फाइल बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली. काहीच बोललो नाही तर काय होईल, याचा मी पूर्ण विचार केला, हे कबूल करतो. भिंत वाचेल. साहेब उन्हाळ्यात जातील, पाठ लावून बसतील. कोण बघणार घाव कुठल्या दिशेचे? पण ते बघणार हे मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी बघणार, तेही अहवाल सगळ्या गावानं वाचल्यावर. आणि सगळ्यांत लाजिरवाणं म्हणजे, बापाचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात घेतलं होतं, ते या कामासाठी.

मी गेलो. ते पानं लावत होते.

"साहेब, तो डावखुरा... उत्तरेच्या भिंतीवर तो नाही. मी स्लाइड उलट्या लावल्या."

त्यांनी वर पाहिलं. "मोजलंत की वाटलं?"

"मोजलं. तुमच्या मोजमापावर ठेवून बघितलं."

त्यांनी डबा मागितला. खिडकीपाशी उभं राहून एकेक स्लाइड उजेडात धरली. आधी मी स्कॅन केलेल्या, मग मी बाजूला काढलेल्या. क्रूस, थडगं, अक्षरं.

"या कुणी काढायला सांगितल्या?"

"कुणी नाही. मी घाबरलो होतो."

"कुणाला?"

मुदीरला म्हणावं, तर तो माणूस ताइफला नेतो म्हणाला होता.

साहेब टेबलाशी बसले. अहवालातली दोन पानं काढून त्यांनी आडव्या रेघा मारल्या, पट्टी लावून. कुरिअरवाल्याला फोन करून नको म्हणाले. मग टोकदार पेन्सिल घेऊन एकेका स्लाइडच्या चौकटीवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, ठिपका काढायला लागले. "मीही सरळ बाजूची खूण केली नव्हती," इतकंच म्हणाले. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. डबा संपेपर्यंत ते ठिपके काढत राहिले.

गुरुवार, शुक्रवार सुट्टी. ते दोन दिवस मी जेवलो की नाही ते हमीदभाईंना विचारावं लागेल. ते माझ्या खाटेशी ताट ठेवून म्हणाले, "खा. भिंत त्यांची पडणार आहे, तुझी नाही."

"माझ्यामुळं पडणार आहे."

"तुझ्यामुळं खोटी उभी राहणार होती. आता खरी पडेल. खा आधी."

शुक्रवारी फोनवर आबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय म्हणतोय आमचा डावरा?"

मी सगळं सांगितलं. गल्लीभर सांगितलेलं आता मागं घ्यावं लागणार, हे त्यांच्या मनात आलं असेल, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "आन् भिंत?"

"पाडणार, आबा. ब्लॉकची बांधणार."

"पाडायची कशाला? उतरवायची."

"म्हणजे?"

"आरं, धरणाच्या टायमाला आमी देऊळ न्हाई का उतरवलं? पाण्याखाली जानार हुतं. गेरूनं दगडादगडावर आकडा घातला. आकड्याच्या डोक्याकडं वरची बाजू, म्हंजी उलटासुलटा हुयाचा न्हाई. थराथरानं खाली घेतलं आन् वरच्या गावठाणात परत लावलं. झुकल्याली भिंत सरळ करायची दुसरी रीत न्हाई. दगड तेच, थर तेच. जुना का नवा, त्येचं काय घेऊन बसलाय तुमी?"

मी म्हटलं, "आबा, हे कागदावर काढून पाठवाल?"

शनिवारी सकाळी ऑफिसच्या फॅक्सवर तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून एक पान आलं. थरथरत्या डाव्या हातानं काढलेली भिंत. प्रत्येक दगडात मराठी आकडा, खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात. बाजूला शेजारच्या मुलीनं इंग्रजीत लिहिलेल्या चार ओळी.

साहेबांनी ते पान किती वेळ बघितलं! आकड्यांवर बोट ठेवून एकेक माझ्याकडून वदवून घेतला. मग विचारलं, "हे तुमच्या वडलांनी केलंय की ऐकलंय?"

"केलंय. ते देऊळ अजून उभं आहे. मी त्याच्या पायऱ्यांवर अभ्यास केलाय."

आडव्या रेघांच्या दोन पानांच्या जागी त्यांनी एकच पान घातलं. त्यात लिहिलं, की उत्तरेची भिंत कधीची ते मला ठाऊक नाही आणि दुसऱ्याही कुणी मोजलेलं नाही. म्हणून ती पाडू नये, उतरवावी. रीत सोबत जोडली आहे. खाली आबांच्या कागदाची प्रत. दुपारी कुरिअर गेलं.

*

बैठकीचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. निर्णय पुढं ढकलला, एवढंच एकदा ते म्हणाले. उन्हाळ्यात करार संपला आणि ते गेले. निरोप घेणं त्यांना जमायचं नाही. माझ्या केबिनमध्ये आले, भिंतीवर तीनदा बोटं वाजवली, "हं" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. ओळंबा दोरीसकट खिशात होता, त्याचा आकार दिसत होता.

मी त्या दिवसापासून वाट बघत होतो. पत्र येणार नाही अशी खात्री होती, आणि आलं तर त्यात काय असेल याची भीती.

वर्ष उलटून गेल्यावर हमीदभाईंनी टपालातून एक जाड पाकीट आणून दिलं. "घे, गोदामाची चावी आली," म्हणाले. आत एकच स्लाइड होती, पुठ्ठ्यात गुंडाळलेली. चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलचा ठिपका. वर एक शब्द इंग्रजीत: मोजलं.

ठिपका अंगठ्याखाली धरून मी ती खिडकीच्या उजेडात नेली. हिरव्या गवतावर दगडांच्या रांगा लावलेल्या. प्रत्येक दगडावर तांबडा आकडा, त्यांच्या देशातला, साधा. मागं चर्चची उत्तरेकडची उघडी बाजू, ताडपत्रीनं झाकलेली. एका स्टुलावर पाठमोरे साहेब, वही मांडीवर. आणि पुढच्या रांगेतला पहिला दगड, कोपऱ्याचा, सर्वात मोठा. त्यावरचा आकडा तेवढा वेगळा होता. आबांच्या कागदावर होता तसाच, शेपटीला किंचित थरथर असलेला मराठी '१'.

मी स्लाइड उलटी करून बघितली. मग सरळ केली. मग पुन्हा एकदा, खात्रीसाठी.

त्या शुक्रवारी फोनवर मी म्हटलं, "आबा, तुमचा आकडा फ्रान्सच्या दगडावर लागलाय."

"लागलाय म्हंजी दगड बसला का?"

"नाही. अजून खाली गवतावर आहे."

"मग आताच कशाला सांगतुयास?" आबा म्हणाले. "बसला की सांग."